अळंब्यांचं पुस्तक कुठल्या खिशात

—नाही हो, चेष्टा नाही करत. अळंब्यांचंच. हे बघा, हे, हिरव्या पाठीचं. तुमच्या यादीतली बाकीची सहा पुस्तकं खोडलीत तरी चालेल, पण तुमचं पोस्टिंग चौथ्या मजल्यावर आहे ना— मेडिसिनच्या वॉर्डात, प्रोफेसर क्नॉरांकडे, असंच म्हणालात ना मघाशी?— मग हे पाहिजेच. सोमवारी पहिल्याच राउंडला विचारतात ते. नाडी बघता येते का, छाती ऐकता येते का, ते सगळं नंतर. आधी खिशात अळंब्या आहेत का. नसल्या तर दिवसभर तुमच्याकडे बघतच नाहीत. म्हणजे रागावत नाहीत, ओरडत नाहीत, नुसतं बघत नाहीत, जसं काही तुमच्या जागी सलाईनची दांडी उभी आहे. हेल्मेट ठेवा ना खाली, गल्ल्यावर ठेवलंत तरी चालेल. एरवी आमच्या मालकीण आल्ब्रेश्टबाई कुणाला गल्ल्यावर काही ठेवू देत नाहीत, पण आज त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्यात, दुकानात मी एकटाच आहे.

ही यादी दिली कुणी तुम्हाला? वर्गातल्या मित्रानं. आणि तो स्वतः कुठल्या वॉर्डात होता? —त्वचेच्या. बघा. म्हणजे बसून होता. बसलेल्या माणसाच्या खिशात सात पुस्तकं काय, सत्तर राहतील. तुम्ही उभे असणार, चालणार, वाकणार. इकडे या. हा दुकानाचा एप्रन. हॉस्पिटलच्या लाँड्रीत सप्टेंबरपासून नवे आलेत, तसाच अगदी, त्याच मापाचा. खिशात हात घाला. गेला आत? नाही ना? अंगठाभर अरुंद शिवलाय. कापड वाचवलं कुणीतरी. तुमचं हे जाडं, औषधांच्या डोसांचं, हे आत जातं— जातं बरं का, दाबलं की जातं— पण बाहेर येत नाही. गेल्या महिन्यात एक मुलगी आली होती, तिला आम्ही कात्रीनं सोडवलं. आणि एकानं पुस्तक आडवं घातलं, तर भर राउंडमध्ये खिसा उसवला आणि आतून चीज-पाव पडला पेशंटच्या पलंगावर. पेशंटनं खाल्ला. त्या पेशंटला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं.

तर परीक्षा अशी असते. घाला एप्रन. घाला हो, लाजू नका, मीच लाजत नाही तर. आता उजव्या खिशात हे— ईसीजीचं, पातळ आहे, राहील. डाव्यात हे. आणि आता ही चप्पल मी इथे टाकतो, स्टुलाखाली, आत, भिंतीपर्यंत. काढा. —पडलं ना? पडणारच. पेशंटची चप्पल कायम पलंगाखाली भिंतीपाशी असते आणि ती कायम विद्यार्थ्यालाच काढावी लागते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. तीनदा वाकायचं. तिन्ही वेळा जे खिशात राहील ते पुस्तक विकत घ्यायचं. आत काय लिहिलंय ते घरी वाचता येतं. —नाही, ही पद्धत बाईंची नाही, माझी. बाई म्हणतात, तुला खोकी उचलायला ठेवलंय, गिऱ्हाइकांना वाकवायला नाही. पण पुस्तकं परत येणं थांबलं, तेव्हापासून काही बोलत नाहीत.

छातीच्या खिशात पुस्तक नाही ठेवायचं. तिथे पेनं. चार. एक मोठे डॉक्टर नेतात, एक छोटे डॉक्टर नेतात, एक वाटेत हरवतं, चौथं तुमचं. सिस्टर रोस्विथा मोजते. चार नसली तर म्हणते, कोलेगे, तुम्ही पाहुणे म्हणून आलात का कामाला? पहिल्या दिवशी तिनं मला सगळ्यांसमोर— म्हणजे एकाला. एका मुलाला. तो सांगत होता.

—नाही, मी कुठे म्हणालो मला? हो का. म्हणालो का.

तुम्ही असं बघू नका हो. असं कुणी बघितलं की मी पुस्तकं लावायला लागतो, आणि ही लावलेलीच आहेत. बरं, सांगतो. सांगावंच लागणार आहे, कारण येत्या बुधवारी दुपारी तुम्ही मला हॉस्पिटलात बघाल. याच एप्रनमध्ये. आणि तुम्ही जर तिथे म्हणालात, अरे, हा तर पुस्तकांच्या दुकानातला— तर माझं संपलं. म्हणून आत्ताच सांगतो, म्हणजे तुम्हाला सगळं पहिल्यापासून माहीत असेल, आणि मग तुम्ही ठरवा.

सप्टेंबरात पुस्तकं परत यायला लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, टिल्मान, वर हॉस्पिटलात जा आणि बघून ये त्या खिशांना झालंय काय. टिल्मान म्हणजे मी. टिल्मान ग्रोस. लाँड्रीतल्या बाईनं नमुन्याला एक एप्रन दिला, रीतसर, सही घेऊन. म्हटलं, आता आलोच आहे तर चालून बघू, जिने चढून-उतरून बघू, खिसा काय करतो ते. आणि पुस्तकं बरोबर होती, पण ही नाही— बाई म्हणाल्या, कोरी पुस्तकं न्यायची नाहीत, कोपरे मळतात, त्याच मापाचं दुसरं काहीही ने. तर माझ्याकडे होतं केकचं एक पुस्तक, प्रवाशांसाठी डॅनिश भाषेचं एक, आणि हे अळंब्यांचं. तिन्ही दाराजवळच्या टोपलीतली. घातली खिशात आणि चौथ्या मजल्यावर पोचलो, तर समोरून राउंड.

तुम्ही पाहिलाय का क्नॉरांचा राउंड? सोमवारी बघालच. पुढे प्रोफेसर, मागे दोन मोठे डॉक्टर, त्यांच्या मागे चार छोटे, मग सिस्टर रोस्विथा गाडी ढकलत, असं बदकांसारखं. मी भिंतीला चिकटलो. सगळे एका खोलीत शिरले, आणि प्रोफेसर आतून म्हणाले, कोलेगे, दार लावा. आता बघा, यात माझी चूक किती ते तुम्हीच सांगा. वर डॉक्टर फक्त डॉक्टरांनाच कोलेगे म्हणतात, पण आमच्या दुकानात बरोबर काम करणारा प्रत्येकजण कोलेगे. पार्सलवाला कोलेगे, खिडक्या पुसणारा कोलेगे, बाई मला रागावल्या तरी आधी कोलेगे म्हणतात आणि मग रागावतात. त्यामुळे कोलेगे म्हटल्यावर मी दार लावलं. लावलं, पण आत जाऊन लावलं. बाहेरून लावलं असतं तर आज मी तुम्हाला हे सांगत बसलो नसतो.

बिल्ला? बिल्ला कुणाच्याच एप्रनवर नव्हता, नव्या एप्रनांचे बिल्ले यायचे होते.

तर पलंगावर फानकूखबुवा. छपरं दुरुस्त करायचे, आता निवृत्त— पेशंटचं नाव सांगायचं नसतं ना? विसरा ते नाव. एक बुवा. तोंड लालभडक, उकडलेल्या बिटासारखं, आणि छाती धडधडतेय. रविवारी संध्याकाळी आले. आदल्या रविवारीही आले होते. त्याच्या आदल्याही. दर रविवारी धडधड, मंगळवारपर्यंत बरे, घरी. सगळ्या तपासण्या झालेल्या, फाइल एवढी जाड, तुमच्या या डोसांच्या पुस्तकापेक्षा जाड. प्रोफेसर म्हणाले, काही विचार? कुणाला? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मीही माझ्या बुटांकडे बघितलं, आणि तिथे, पलंगाखाली, भिंतीपाशी, चप्पल.

मी आलोच होतो त्यासाठी ना. वाकलो. केकचं राहिलं. डॅनिश राहिलं. अळंब्यांचं घसरलं आणि जमिनीवर उघडं पडलं, बरोबर बुवांच्या बाजूला. ते पलंगावरून डोकावले आणि म्हणाले, अरे, ही तर आमची. मी म्हटलं, काय? ते म्हणाले, ही, शाईसारखी काळी पाझरते ती. कोवळी असताना गोळा करतो आम्ही, बायको लोण्यात परतते, दर शनिवारी. आणि त्या चित्राखाली बारीक टायपात लिहिलेलं होतं— हे बघा, पान एकशे अठ्ठावीस— की ही खायला चांगली, पण त्यावर दोन-तीन दिवसांत दारूचा घोट घेतला की तोंड लाल आणि छातीत धडधड. प्रोफेसरांनी पुस्तक उचललं, चष्मा कपाळावर ढकलला, मोठ्यानं वाचलं. मग बुवांना म्हणाले, रविवारी काय करता? बुवा म्हणाले, फुटबॉल बघतो. नुसता? बुवा म्हणाले, नुसता कोण बघतं?

प्रोफेसरांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं आता बुवांना बोलणार. पण ते माझ्याकडे वळले. म्हणाले, कोलेगे, इथे आठ जणांच्या खिशात हृदय आहे, मूत्रपिंड आहे, रक्तातली साखर आहे. माणूस जेवतो काय याचा विचार करून खिसा भरणारे तुम्ही एकटे. आता इथे मी सांगायला हवं होतं, हो की नाही? मी तोंड उघडलंच होतं. पण मी बोलायला गेलो की जे सगळ्यात जवळ असतं तेच बाहेर येतं. मी म्हणालो, नमुना प्रत आहे. तर ते हसले. त्यांना वाटलं विनय. नाव विचारलं, तर ग्रोस म्हणालो. खोटं नाव सुचायला वेळ लागतो, खरं तसंच येतं.

त्या दिवसापासून चौथ्या मजल्यावर प्रत्येकाच्या खिशात अळंब्या. हुकूमच काढला त्यांनी. म्हणून तर बारा प्रती मागवून ठेवल्यात मी. बाईंना कळेना, डॉक्टर लोक रानात जायला लागले का काय.

—हो, परत गेलो. चार वेळा. बुधवारी दुपारी दुकान बंद असतं आणि क्नॉर बुधवारी दुपारीच दुसरा राउंड घेतात. पण ऐका, मी कशाला हात लावला नाही. औषधाला नाही, सुईला नाही, पेशंटला तर नाहीच. बुवांनी घरी जाताना माझा हात हातात घेतला होता, तो त्यांनी घेतला. मी फाइली धरतो. चपला काढतो. पेनं देतो— आतापर्यंत अकरा गेली. कुणी काही विचारलं तर मान हलवतो, आणि तिथे मान हलवली की लोकांना वाटतं हा पुढचं बोलायच्या आधी विचार करतोय. दुकानात मान हलवली तर गिऱ्हाईक निघून जातं. एकदा रात्रपाळीच्या डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही कितव्या वर्षाला? मी म्हणालो, तिसऱ्या. ते खरंच आहे. दुकानात माझं तिसरं वर्ष.

मग या बुधवारी न जाता थांबायला काय झालं, असंच म्हणताय ना? तेच तर. गेल्या बुधवारी प्रोफेसर म्हणाले, पुढच्या वेळी आपली अभ्यासबैठक, खाली जेवणघरात, सगळं हॉस्पिटल येतं, तर कोलेगे ग्रोस दहा मिनिटं बोलतील. अळंब्या आणि हृदय. मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी कागद छापून लागला. लिफ्टमध्ये. माझं नाव, एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि ग्रोस बरोबर लिहिलेलं, सगळे चुकवतात ते शेवटचं अक्षरसुद्धा. ते बघायला मी तीनदा वर-खाली केलं. लिफ्टमधल्या एका बाईंनी विचारलं, कितव्या मजल्यावर जायचंय तुम्हाला?

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. दहा मिनिटं. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला शाळेत उभं केलं, तुम्ही बोललात, खाली बसलात, विसरलात. मला नववीत उभं केलं होतं. भूगोलाच्या तासाला, दहा मिनिटं, विषय मिठाच्या खाणी. मी तयारी केली होती हो. आईचं मिठाचं भांडंसुद्धा नेलं होतं दाखवायला. फळ्यापाशी उभा राहिलो, ‘मीठ’ म्हणालो, आणि पुढचं काही आलंच नाही. मास्तर म्हणाले, वेळ पूर्ण कर. तर पूर्ण केला. दहाच्या दहा मिनिटं, भांडं हातात धरून. मागच्या बाकावरच्यांनी घड्याळ लावलं होतं, आणि संपल्यावर टाळ्या. त्यानंतर मी मीठ. मीठ आला, मीठ गेला, मीठ, जरा इकडे सरक. ते वर्ष कसंबसं संपवलं आणि शाळा सोडली. इकडे-तिकडे केलं काहीबाही, मग बाईंनी ठेवून घेतलं. त्या म्हणाल्या, पुस्तकांच्या दुकानात न बोलणारा माणूस शोभतो.

आता हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय मला माहीत नाही. मी एरवी बोलत नाही. विचारा कुणालाही. किती वाजले? —सव्वाअकरा? नाही, तुमचं घड्याळ पुढे असेल. तुम्ही पावणेअकराला आलात.

तर म्हणणं एवढंच की बुधवारी तुम्ही तिसऱ्या-चौथ्या रांगेत असाल, आणि मी पुढे. मला ओळखू नका. दहा मिनिटं फक्त. खोटं बोलायचं नाही, नुसतं ओळखायचं नाही. रस्त्यावर आपण किती जणांना ओळखत नाही. आणि संपल्यावर मी स्वतःच सांगणार आहे प्रोफेसरांना, सगळ्यांसमोर. हे बघा, लिहून ठेवलंय. हे पहिलं मिनिट, टोपी आणि देठ. हे चौथं, लोणी. हे सातवं, बिअर. आणि हे इथे खाली, अकरावं मिनिट: मी डॉक्टर नाही, क्षमा करा. पण आधी दहा. दहा मिनिटं मला बोलता आली की नंतर काय करायचं ते करू देत त्यांना.

विचार करता? करा ना. मला तुमची अडचण कळते, पहिलाच आठवडा, आणि क्नॉरांसारखा माणूस. चार पेनं मी देतो तुम्हाला. नाही, लाच नाही, पेनं. आणि ते पहिल्या दिवशी दुसरा प्रश्न काय विचारतात तेही सांगतो, अळंब्यांनंतरचा— थांबा हं, फोन. बाई असतील. दात काढला असेल.

आल्ब्रेश्टांचं पुस्तकांचं दुकान, ग्रोस बोलतोय, नमस्कार.

—हो.

—हो, प्रोफेसर.

—आहेत. बारा प्रती. हिरव्या पाठीच्याच.

—हो. ग्रोस.

—नाही, भाऊ नाही. मला भाऊ नाहीये, प्रोफेसर. एक बहीण आहे, ती किलला असते.

—मीच तो.

—नाही. शिकाऊसुद्धा नाही. इथे दुकानात, खोकी— हो. नववी. नाही, नंतर काही नाही. —खिशाचं माप घ्यायला. हो, लाँड्रीत सही आहे माझी. —दार लावा म्हणालात म्हणून.

—

—

—आहे मी, प्रोफेसर. ऐकतोय.

—हो, छापलेला पाहिलाय. लिफ्टमध्ये. —नाही, ते आजारी आहेत ते माहीत नव्हतं. —वीस?

—नाही, म्हणजे हो. हो. —साध्या कपड्यांत. —पाठवतो बारा. —नमस्कार.

ठेवला त्यांनी.

स्वतःच फोन करतील असं कुणाला वाटणार हो. आणि फोन उचलला की आपण काय करतो— नाव सांगतो. आई तसं शिकवते, शाळा तसं शिकवते, आज्जीसुद्धा झोपेत फोन उचलून आडनाव सांगते. दुसऱ्या देशात नुसतं हॅलो म्हणतात म्हणे. त्यांचं बरं आहे. आणि भाऊ का, असं त्यांनीच विचारलं, ऐकलंत ना? आयतं दिलं होतं हातात. हो म्हणालो असतो की झालं. मला किलची बहीण आठवली.

काय म्हणाले?  म्हणाले, कागद सगळ्या मजल्यांवर लागलेत, बावन्न जणांची कॉफी सांगून झालीय, छापलेलं नाव त्यांच्या हॉस्पिटलात कधी बदललं नाही आणि पुस्तकवाल्यासाठी बदलणार नाही. एप्रन आज संध्याकाळपर्यंत लाँड्रीत जमा. पुन्हा घालून दिसलो तर दारावरच्या माणसाच्या ताब्यात. आणि मूत्रपिंडवाले डॉक्टर अंथरुणाला खिळलेत, त्यांचीही दहा मिनिटं माझीच.

त्यांनी मला शेवटी काय म्हटलं माहितीये? हेर ग्रोस, म्हणजे नुसतं श्रीयुत. कोलेगे नाही.

काढा तो एप्रन, तुम्ही अजून घालूनच उभे आहात. हळू, खिसा. वीस मिनिटं, आणि माझ्याकडे दहाचंच आहे. अकराव्याचं एक वाक्य होतं, ते आत्ता फोनवर खर्च झालं. मूत्रपिंड आणि अळंब्या यांचं काही आहे का हो? तुम्ही शिकता ते. —नाही, नका सांगू. मीच बघतो, दोन्ही पुस्तकं इथेच आहेत. अळंब्यांचं— हे त्या बारांतलं नाही, वेगळं आहे— आणि ईसीजीचं घ्या, बाकीची राहू देत, हेल्मेट विसरू नका. आता मला ओळखलंत तरी चालेल. न ओळखलंत तरी. —हसू येतंय तुम्हाला? या बाहेर जाऊन हसून. नाही, रागावलो नाही मी. जा तुम्ही, खरंच जा. असे उभे राहू नका, मला आता हे भाषण मोठ्यानं म्हणून बघायचंय.